करवंट्यांचे भुंगे

माणसं मारणाऱ्या भुंग्यांवर मी एक पिक्चर काढला होता. मोबाइलवर. भुंगे करवंट्यांचे, काळा रंग फासून मासेमारीच्या तंगुसाने माडावरून लटकवलेले. हिरो मीच, कारण फुकटात काम करणारा इतका देखणा माणूस दिवेआगरात दुसरा कोण मिळणार! शेवटी हिरोसकट सगळं गाव मरतं. बघणाऱ्यांची झोप उडेल अशी माझी खात्री होती.

सिनेमा शिकायला मुंबईला जायचं माझ्या डोक्यात होतं आणि बाबांना ते बिलकूल मान्य नव्हतं. वादळात आमची नारळाची वाडी आडवी झाली, मोजके जुने माड काय ते उभे राहिले. त्यात बाबांचा गुडघा कामातून गेलेला. वाडीच्या समुद्राकडच्या टोकापर्यंत जायचं म्हणजे त्यांना शिक्षाच. शेवटी वैतागून म्हणाले, "गावाला दाखव तुझा पिक्चर. एक जरी माणूस शेवटपर्यंत बसला तर जा. नाहीतर मुकाट्याने वाडी बघ."

मी म्हटलं, ही काय अट झाली? एक माणूस? आई आहेच की.

दिवेलागणीनंतर अंगणात चादर बांधली, खुर्च्या मांडल्या. पहिला भुंगा आला आणि शेजारच्या काकू ओरडल्या, "अगो बाई, ही तर करवंटी!" झालं, हशा सुरू. पहिला बळी मरताना दात काढून हसतोय हे मला एडिटिंग करताना दिसलं नव्हतं, गावाला बरोबर दिसलं. तिसऱ्याच्या मरणाला कोणीतरी चहा मागितला. आई पदरात तोंड लपवून हसत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग पडद्यावर टोकाचा माड आला. त्याच्या झावळ्या कात्रीने कापल्यासारख्या दिसत होत्या, शेंडा भलताच भेसूर, म्हणून मी तो चांगला लांबवून घेतला होता. हसणं एकदम थांबलं. मनात म्हटलं, मारली बाजी!

"थांबव ते," बाबा म्हणाले. "याला खराच भुंगा लागलाय. कुठला माड हा?"

"आपलाच. टोकाचा."

"वादळातनं वाचलेला?" त्यांचा आवाज चढला. "आणि गाढवा, तू खाली उभा राहून शूटिंग केलंस?"

एका दमात अंगण रिकामं झालं. कोणी बॅटरी घेतली, कोणी भुंगा ओढून काढायची आकडी, काकूंनी शेंड्यात भरायला मीठ-वाळू. आईसुद्धा गेली. बाबाही काठी टेकत निघाले. वाडीत जन्मलेला मी, खरा भुंगा ओळखता आला नाही आणि करवंट्या रंगवत बसलो! संपलं म्हटलं, आता जन्मभर वाडी. चादर सोडायला घेतली.

तेवढ्यात बाबा एकटेच परत आले. धापा टाकत, पायजमा चिखलाने भरलेला. "निघाला भुंगा. वाचेल माड," म्हणाले आणि पुढच्या खुर्चीवर बसले. "लाव पुढचा."

"राहू द्या ना बाबा."

"लाव म्हणतो ना!"

मी लावला. बाबांनी गुडघा दाबत सगळा पाहिला, एकदाही न हसता. शेवटी मी किंकाळ्या फोडत मेलो आणि पडदा काळा झाला.

"वाईट आहे रे," बाबा म्हणाले. "फारच वाईट."

मग खुर्चीखालची काठी चाचपत उठले. "जा आता मुंबईला. शेवटपर्यंत बसलो मी."