बुधाजींचं नाक अन् लाल दिवा

वरूडच्या पुढे, मध्य प्रदेशाच्या हद्दीवरल्या नाक्यावर, हवालदार बुधाजी तायडेंच्या नाकाची कीर्ती होती. बावीस वर्षं त्यांनी गांजा नाकानंच धरला. संत्र्याच्या पेट्या असोत की कांद्याच्या गोण्या, गाडीभोवती एक चक्कर मारायची अन् म्हणायचं, "उतरव बे ही रांग." घरी मात्र भाजी करपली तरी यांना पत्ता लागत नाही, असं बायको केशरबाईंचं मत.

यंदा नाक्यावर जेवणाच्या डब्याएवढं यंत्र आलं. कागदी पट्टी स्टिअरिंगवर घासायची, यंत्रात सारायची. गांजाचा कण जरी असला तरी लाल दिवा. शिपाई प्राजक्ता त्याचं प्रशिक्षण घेऊन आलेली. साहेब बुधाजींना म्हणाले, "आठ दिवसांत शिका, नाहीतर अमरावतीला मुद्देमालाच्या कोठीवर बसा." कोठी म्हणजे जप्त मालाला कुलूप लावून दिवसभर जांभया देणं. बुधाजी शिकले. हातमोज्यांनी मात्र त्यांना गरम व्हायचं, म्हणून ते खिशातच राहत.

आठव्या दिवशी साहेब बघायला येणार होते. पहिली गाडी श्यामची, संत्र्यांची. बुधाजींनी उघड्या हातानं पट्टी घासली. लाल दिवा.

"मी बिडी बी पेत नाही जी!" श्याम ओरडला.

"मंग यंत्र काय तुह्यं दुश्मन हाय, खोटं बोलाले?"

दुसरी दुधाची गाडी. लाल. तिसरी एसटी. तीही लाल, अन् तिचा ड्रायव्हर तर माळकरी.

प्राजक्तानं बुधाजींकडे पाहिलं. "काका, सकाळी हात कशाले लावला?"

"कशालेच नाही. गोणी हुंगली, रोजच्यासारखी."

निकाली खटल्यातली ती गांजाची रिकामी गोणी. नाकाला धार लावायची म्हणून बुधाजी रोज तिचा ताग तळहातावर चोळत. प्राजक्तानं नवी पट्टी त्यांच्याच तळहातावर घासली. लाल.

"हात धुऊन या, काका. साहेबाले सांगू, यंत्र बिघडलं होतं."

सल्ला झकास होता. यंत्र दुरुस्तीला जाईल, कोठी टळेल. पण बावीस वर्षांत बुधाजींनी खोटी केस केली नव्हती; अन् यंत्रानं धरला तो माल खराच होता. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, "यंत्र बरोबर. दोष हवालदाराच्या हाताचा."

प्राजक्तानं हातमोजे चढवून, गाड्या पुसून पुन्हा तपासल्या. तिन्ही हिरव्या. साहेब आले, नोंद वाचली अन् दोनच शब्द बोलले, "सोमवारपासून कोठी."

श्यामनं गाडी सुरू केली. "हवालदारसाहेब, मंग आता आमच्या गाड्या हुंगन कोन?"

"हे पोरगी. तिले हुंगाच लागत नाही. चाल, निंग."