तणावमुक्तीचा शनिवार

उमरग्याला आम्हाला दोन दिवस ताण घालवायला शिकवलं. म्हणजे काय, तर भर उन्हाचं पत्र्याच्या हॉलमध्ये तालुक्यातले मास्तर आणि बाया कोंबून बसवल्या, डोळे मिटायला लावले आणि सांगितलं, आता समुद्रकिनारा बघा. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही! शेजारचे गुरुजी चक्क घोरायला लागले. प्रशिक्षक साहेब म्हणाले, बघा, किती लवकर शांत झाले.

दुसऱ्या दिवशी मात्र एक गोष्ट मला पटली. पोरगं काही सांगत असलं की मध्ये तोंड घालायचं नाही, उपदेश करायचा नाही, नुसतं विचारायचं, 'मग तुला काय वाटतं?' बोललं की माणूस हलकं होतं म्हणे. इतकी वर्षं पोरांवर नुसती खेकसत आले मी. म्हटलं, एवढं तर जमेल आपल्याला.

आमची शाळा मुरूमच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळ. शनिवारी दप्तराला सुट्टी असते, तेव्हा दहावीला गोल बसवायचं ठरलं. मुख्याध्यापक सरांनी बॅनर बांधला, व्हिडिओ चालू करून मोबाईल खिडकीत ठेवला आणि ते ऑफिसात गेले. जे व्हॉट्सॲप ग्रुपवर पडत नाही ते आमच्या खात्यात झालेलंच नसतं.

त्या वर्गात एक पोरगी होती. घरी कानडी बोलायची, शाळेत मराठी, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडं गप्पच. गणितात अशी हुशार की फळ्यावर मी चुकले तर मान खाली घालूनच बोटानं दाखवायची. दहावी झाली की मुरूमला अकरावीला जायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात. वडील शाळेच्या समितीवर. झेंडावंदनाला पांढऱ्या कपड्यात पहिल्या रांगेत बसणारे, गावातलं मानाचं माणूस.

कुणी परीक्षेचं सांगितलं, कुणी मोबाईल काढून घेतल्याचं. मग तिचा नंबर आला. मला वाटलं, 'काय न्हाय मॅडम' म्हणेल. तर ती म्हणाली, "पप्पा आईला मारतेत. आवाज चढला की माझ्या पोटात कळ येती. पुस्तक उघडलं तरी कान तिकडंच ऱ्हातेत."

 मी शिकवल्याप्रमाणं विचारलं, "मग तुला काय वाटतं?"

"आईला कुणीतरी विचारावं वाटतं. लई लागलं का म्हणून."

मग ती रडली, तिला बघून दोघी-तिघी रडल्या. घरी जाताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम, लई हलकं वाटलं." त्या संध्याकाळी मी गुणगुणत भाकरी थापल्या. नवरा म्हणाला, आज काय पगारवाढ झाली का?

सरांनी तो व्हिडिओ केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या ग्रुपवर टाकला. आणि पालकांच्याही. 'ताणतणाव व्यवस्थापन कार्यक्रम उत्साहात संपन्न', खाली जोडलेले हात. मी धावत-पळत त्यांच्या घरी गेले. "अहो सर, ऐकला तरी का तुम्ही?"

"बघताना आवाज बंद होता हो मॅडम. बॅनर नीट दिसतोय का, तेवढं बघितलं."

बिचाऱ्यांनी लगेच व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर चहाच्या हॉटेलात गावानं तो मोठ्या आवाजात ऐकला होता.

सोमवारी पोरगी आली नाही. मी तिच्या घरी गेले. वडिलांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आवाज अजिबात चढवला नाही. "तुमी तुमचं काम केलाव मॅडम. आता घरचं आमी बघतो." पोरीला त्यांनी कर्नाटकात, आळंदच्या बाजूला, मामाच्या गावी धाडलं होतं. तिथली शाळा कानडी. तिला कानडी बोलता येतं, पण वाचायला एक अक्षर येत नाही. दहावी तोंडावर आलेली, अन् ही पोरगी आता कुठल्या शाळेत बसणार? मी हात जोडले. ते हसून म्हणाले, चहा घ्या, निवतोय.

पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आई आली. एक हात पदराखालून बाहेरच काढला नाही तिनं. मी म्हटलं, आपण पोलिसात जाऊ, मी येते तुमच्यासंगं. तिनं मान हलवली. "नको बाई. बोभाटा झाला तेवढा बास." दाखल्याची घडी एका हातानं तिला जमेना, ती मी घालून दिली. "ती शिकत होती, म्हणून म्या सोसत होते. आता म्या काय करू, सांगा."

उपदेश करायचा नाही म्हणे. करायला होता कुठं माझ्याकडं? आणि 'तुम्हाला काय वाटतं' हे त्या बाईला विचारायला माझी जीभ रेटेना. लागलं का, एवढं विचारायला हवं होतं. तिच्या पोरीनं तेवढंच तर सांगितलं होतं. तेही तोंडातून निघालं नाही, आणि ती फाटकाबाहेर गेली.

पुढच्या शनिवारी पुन्हा बॅनर, पुन्हा गोल. वरून आदेशच होता. सर या वेळी आवाज चालू ठेवून बघणार होते. पोरं माझ्याकडं बघत नव्हती, सरांच्या हातातल्या मोबाईलकडं बघत होती.

"मला कसलाच ताण नाही, मॅडम." पहिला बोलला. दुसरीही तेच बोलली. तिसरा, चौथी, सगळे, अगदी पाठ केल्यासारखे. त्या पोरीच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं, तेवढी जागा सोडून पोरं बोलत पुढं सरकली.

शेवटी सरांनी मोबाईल माझ्याकडं वळवला. "बोला मॅडम, तुमचं पण येऊ द्या."

"मलाही नाही," मी म्हणाले.

"व्वा!" सर म्हणाले आणि पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या.