ढवळायचं नाही

फुटबॉलच्या विश्वचषकाच्या आधीच्या त्या वर्षांत अख्ख्या कतारमध्ये न दमलेला माणूस एकच होता, आणि तो नेमका माझ्या खोलीत राहत होता. बाकी सगळे दमलेले. साइटवरची माणसं दमली होती, क्रेन दमल्या होत्या, आम्हाला पहाटे नेऊन संध्याकाळी आणून टाकणारी बससुद्धा पुलाच्या चढावर म्हाताऱ्यासारखी खोकायची. माझं तर विचारूच नका. किनवटला शिकलेला, सायकलचं पंक्चर काढणाऱ्याच्या घरातला मी पहिला पदवीधर. परदेशात नोकरी मिळाली म्हणून मी देवाचा, कंपनीचा आणि भेटेल त्याचा आभारी होतो. पण आभारी माणसाचेही पाय दुखतात. खोलीवर आल्यावर बूट काढायला वाकणंही जिवावर यायचं. आणि तेवढ्यात पलीकडच्या पलंगावरून टवटवीत आवाज यायचा, "काय रे इंजिनीयर, बसलास काय असा? यल्ला, ऊठ! सूक वाकिफच्या बाजारात फिरून येऊ."

हे आमचे चाचा. दापोलीकडचे कोकणी मुसलमान, माझ्या वडिलांच्या वयाचे. कंपनीत काँक्रीट तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. ओतलेलं काँक्रीट त्यांनी 'पास' म्हटल्याशिवाय काम पुढे सरकत नसे. ही सत्ता त्यांनी साइटपुरती ठेवली असती तर प्रश्न नव्हता. पण चाचा मेसच्या चपातीलाही पास-नापास करत. माझ्या हजामतीला नापास करत. गावाकडून माझ्यासाठी एका मुलीचा फोटो आला, तर तो चष्मा वर-खाली करून बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "पास. आता ती तुला पास करते का बघ." (तिने केलं नाही. त्यावर चाचांनी मला दोन बिर्याण्या खाऊ घातल्या आणि त्या मुलीला मागाहून नापास करून टाकलं.) कुणाशी ओळख करून देताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "हे इंजिनीयरसाहेब. घरातले पहिले." समोर भाजीवाला असला तरी तसंच.

त्यांच्या आयुष्यात शत्रू एकच, आणि तो म्हणजे रेघ. काँक्रीटचा एक थर ओतला की तो घट्ट व्हायच्या आत त्यावर दुसरा ओतावा लागतो. उशीर झाला की दोन थर एकजीव होत नाहीत, मध्ये एक रेघ राहते. साइटवर तिला कोल्ड जॉइंट म्हणतात. ती रेघ शोधण्यात चाचांची उमर गेली होती, त्यामुळे ती त्यांना सगळीकडे दिसायची. मॉलमध्ये लोक दुकानं बघत, चाचा खांब बघत. खांबाला बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावत. एकदा सूकमध्ये एका भिंतीपुढे ते इतका वेळ नाक लावून उभे राहिले की पहारेकरी येऊन विचारू लागला, हरवलंय काय? चाचा हिंदीत म्हणाले, "हरवलं नाही, सापडलंय. पण तुमची चूक नाही." मी त्यांना ओढत बाहेर आणलं. माझ्यात ओढायचंही त्राण नव्हतं.

या माणसाला फोनवर गप्प करणारी एकच व्यक्ती होती: चाची. चाचांची सगळी नोकरी आखातात गेली आणि चाची सगळा काळ गावी राहिल्या. दर शुक्रवारी त्यांचा तोच प्रश्न यायचा, आणि फोन स्पीकरवर असल्यामुळे मलाही यायचा. "अहो, एवढी वर्षं बांधताय ते एकदा दाखवा तरी. का नुसतंच सांगताय?" आता खरी अडचण अशी होती की चाचांनी जन्मभर पाये बांधले. ते बांधले, पास केले आणि मातीने बुजवले. दाखवण्यासारखं जे काही होतं ते सगळं जमिनीखाली होतं. शेवटी, प्रकल्प संपत आला, घरी परतायची तारीख दिसू लागली, तेव्हा त्यांनी चाचींना ईदला व्हिजिट व्हिसावर बोलावलं आणि फोनवर छातीठोकपणे सांगून बसले, "ये तू. माझ्या हातचं असं काही दाखवीन की बघत राहशील." फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे दाखवायचं?"

उत्तर सापडलं ते एका मल्याळी माणसाच्या ज्यूसच्या दुकानात. तिथे उंच ग्लासात तांबडा, पिवळा, पांढरा असा तीन थरांचा रस मिळायचा. नाव 'कॉकटेल' म्हटल्याबरोबर चाचा दोन पावलं मागे सरकले. "यात तसलं काही नाही ना?" दुकानदार हसून म्हणाला, "ओन्ली फ्रूट, चाचा, ओन्ली फ्रूट." मग चाचांनी ग्लास उजेडात धरला आणि बघतच राहिले. थरांमधल्या दोन रेघा सुतात ओढल्यासारख्या सरळ. "इंजिनीयर," ते हळूच म्हणाले, "हा तर कोल्ड जॉइंट! जन्मभर जो नापास केला तो हा माणूस मुद्दाम करतो, आणि लोक पैसे देऊन पितात." त्या दिवशी त्यांनी ठरवलं: चाचींना हाच ग्लास दाखवायचा, स्वतःच्या हाताने भरलेला. तळाला चाचींनीच पाठवलेलं कोकमाचं घट्ट सरबत, मधे आंब्याचा रस, वर नारळाचं दूध. "खाली किरमिजी, वर पांढरा, हे इथल्या झेंड्याचे रंग. मधली वाळू समज."

तिथून आमच्या शुक्रवारांची वाट लागली. आठवड्यातली एकच सुट्टी, ती झोपण्यासाठी असते असं माझं प्रामाणिक मत होतं. चाचा मला उठवून चमचा धरायला लावत. चमचा पालथा धरायचा आणि त्याच्या पाठीवरून रस धारेधारेने सोडायचा. पहिल्यांदा त्यांनी वरून साधं दूध घातलं. कोकमाला लागून ते फाटलं. मग आंबा जास्तच घट्ट झाला आणि सरळ तळाला गेला. एकदा मात्र तीनही थर सुरेख बसले. मी दमलेल्या आवाजात "वा चाचा" म्हणालो, आणि त्याच क्षणी चाचांनी ग्लासाला खालून चमच्याने टक-टक-टक केलं. काँक्रीट ओतल्यावर आतली हवा काढायला ते हलवतात ना, तसं! हात सवयीने चालला. डोळ्यांदेखत तिन्ही थर एकमेकांच्या गळ्यात पडले.

"अरे, हे काय केलं मी?" चाचा हाताकडे बघत म्हणाले.

"खलास," मी म्हणालो.

"खलास कसलं? धर चमचा."

नापास झालेलं सगळं प्यायचं काम माझ्याकडे होतं. साइटवरच्या उन्हाने जेवढा थकलो नसेन तेवढा मी त्या सरबताने थकलो. पण हळूहळू चाचांचा हात बसला. हवा काढायची सवय त्यांनी डावा हात पाठीशी धरून मोडली.

चाची ईदच्या आदल्या दिवशी आल्या. एका मित्राच्या फ्लॅटमधली खोली चाचांनी महिनाभरासाठी घेतली होती. आम्ही बांधत होतो ते स्टेडियमही त्यांनी चाचींना कुंपणाबाहेरून दाखवलं. चाची म्हणाल्या, "मोठं आहे हो. यात तुमचं कुठलं?" चाचा म्हणाले, "खालचं." चाचींनी वाकून खाली बघितलं. तिथे वाळू होती.

ईदच्या दुपारी मला जेवायला बोलावलं होतं. शिरखुर्मा झाला. मग चाचा उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि चमचा ग्लासाच्या कडेला पालथा टेकवून, डावा हात पाठीशी धरून त्यांनी ग्लास भरला. मी दारातून बघत होतो. इतका सरळ थर त्या मल्याळ्यालाही जमला नसता. ग्लास दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून, ते चालत आले आणि खिडकीच्या उजेडात चाचींपुढे ठेवला. तांबडा, पिवळा, पांढरा. मधे दोन रेघा.

"वा!" चाची म्हणाल्या. मग त्यांनी शिरखुर्म्याच्या वाटीतला चमचा पुसून घेतला, ग्लासात तळापर्यंत घातला आणि गरागरा ढवळलं.

"चाची, ढवळायचं ना—" माझं वाक्य तिथेच राहिलं.

"अगो!" चाचा म्हणाले.

"अगो काय? साखर सगळी तळाला बसलीय. एवढी वर्षं एकटे राहिलात, सरबत ढवळून द्यायचं कळलं नाही?" त्यांनी एक घोट घेतला. "कोकम माझंच ना?"

"तुझंच."

"चांगलं झालंय." आणखी एक घोट. मग त्यांना आठवलं. "आणि ते दाखवणार होतात, ते कुठंय?"

चाचांनी तो ग्लास हातात घेतला, खिडकीकडे धरला आणि सवयीने चहूबाजूंनी फिरवून बघितला. आत मावळतीच्या आभाळासारखा एकच रंग होता. "रेघ नाही कुठे," ते म्हणाले. "पास." आणि खाली बसले. सगळ्या कतारमधला तो न दमलेला माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा दमलेला दिसला. चाचींनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या, "परत करा. मी बघत बसते."

"कोकम संपलं," चाचा म्हणाले.

त्या उन्हाळ्यात दोघं गावी गेली. चाचांनी तो विश्वचषक दापोलीला टीव्हीवर बघितला. मला आमच्याच स्टेडियममधल्या एका सामन्याचं तिकीट मिळालं. रंगीबेरंगी सदरे घातलेली, तोंडं रंगवलेली माणसं गात-नाचत आत शिरत होती आणि मी एका खांबाच्या बुडाशी थांबलो. पेराने टकटक केलं. खांब जिथे जमिनीत शिरतो तिथपर्यंत निरखून बघितलं. मग फोन लावला.

"चाचा, रेघ नाही."

"असेल कशी? ते सोड, जेवलास का?"

"जेवलो. तिकडे सरबत केलं की नाही पुन्हा? आता तर घरचं कोकम आहे."

"करतो की. दर जुम्म्याला करतो. समोर ठेवतो, ती दोन्ही रेघा नीट बघते, छान म्हणते, आणि ढवळते."

"मग सांगा ना त्यांना, ढवळू नका म्हणून."

पलीकडे ग्लासात चमचा वाजत होता. तो थांबला. मग चाचा म्हणाले, "अर्धं मला देते रे ती. न ढवळता अर्धं कसं करणार?"