बघतो ना

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे नागपूरचे ते गृहस्थ कधी कुणाला नाही म्हणत नसत. शनिवारी कामाला बोलावलं, तरी मान डोलवून म्हणायचे, "बघतो ना." तेव्हा ले-ऑफ चालू होते, नोकरी गेली की व्हिसाही जाणार.

एका दुपारी मॅनेजरने हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. टेस्टिंग पूर्ण झाल्याची सही हवी होती. टेस्टिंग अर्धंही झालं नव्हतं.

"नो," ते म्हणाले. मॅनेजरने पुन्हा विचारलं.

"नो. इट इज नॉट डन." कागद त्यांनी परत सरकवला.

मग त्यांनी बायकोला फोन लावला. "घाबरू नकोस. आपल्याला परत जावं लागेल बहुतेक."

संध्याकाळी तोच कागद माझ्याकडे आला. त्यांच्याकडे न बघता मी सही केली.