जास्वंदीच्या कळीतली कीड

पपईवर पीठ सांडल्यासारखं दिसतं, तो पिठ्या ढेकूण. परदेशातून आला आणि पपईपासून गाजरगवतापर्यंत जे मिळेल त्यावर पोसला. तो कुठल्या वाटेनं पसरला, हे मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्याच्या डीएनएवरून शोधते. आमच्या वरवे गावात मला ‘ढेकणांची डॉक्टरीण’ म्हणतात. म्हणोत बापडे.

माझी मावशी वेल्ह्याच्या पुढच्या एका गावात दिलेली आहे. तिच्या दिरांची उतारावरची पपईची बाग या किडीनं पार घालवली आणि गावानं लगेच दोषी ठरवला, वरच्या वस्तीवरचा धनगर. भात निघालं की त्याची मेंढरं रिकाम्या खाचरांत बसवायची, शेताला लेंडीखत मिळायचं आणि त्याच्या घराला वर्षाचे तांदूळ. पण मेंढरं पार शिवरे गावाकडून फिरून येतात, लोकरीतून कीड आणतात, असं कुणीतरी काढलं. यंदा त्याला खाचरात येऊ द्यायचं नाही, असं ठरलं.

मी भडकले. ना पुरावा, ना चौकशी! तावातावानं शिवऱ्यापासून कळपाच्या वाटेवरचे नमुने गोळा केले, बागेतले घेतले आणि तुलनेला असावेत म्हणून आमच्या परसातल्या जास्वंदीवरचेही घेतले. तपासणीत या ढेकणाची दोन घराणी निघाली. कळपाच्या वाटेवर एक, बागेत दुसरं. धनगर सुटला म्हणून मी खूश झाले. मग जास्वंदीचा निकाल पाहिला. बागेतलं घराणं आणखी एकाच ठिकाणी होतं, आमच्या परसात.

गेल्या पावसाळ्यात आई मावशीला जास्वंदीच्या फांद्या देऊन आली होती. फांदी लावायची तर कळ्या खुडतात. आई खुडत नाही. गणपतीचं फूल उमलायच्या आधी तोडायचं नाही, हा तिचा नेम. पानं तिनं पदरानं स्वच्छ पुसली होती, पण किडीची पिलं कळीच्या देठाशी दडून बसतात. मावशीनं त्या फांद्या बागेच्या कुंपणालाच लावल्या होत्या.

खाचरं तेव्हा रिकामीच होती. त्याच दिवशी फोन करायला हवा होता. मी पुन्हा नमुने आणले, पुन्हा तपासणी लावली, त्यात दीड महिना गेला. प्रयोगशाळेतल्या साहेबांना म्हटलं, खात्री केलेली बरी. खरं तर निकाल खोटा ठरावा म्हणून माझी धडपड चालली होती. आईकडे गावानं बोट दाखवावं, हे मला सोसणार नव्हतं. धनगर परक्या गावांत जागा मागत फिरतोय, असं मावशी फोनवर सांगायची. मी नुसतं ‘हूं’ म्हणायचे. लाज वाटायची, तरी ‘हूं’च म्हणायचे.

दुसरा निकाल पहिल्यासारखाच आला. मग मात्र आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

“म्हंजी माझ्या हातनं झालं?”

“डीएनए नातं सांगतो, आई. कुणाच्या पिशवीतून आलं, ते नाही सांगत.”

“पिशवी माझीच व्हती की. चल, सांगून येऊ.”

मावशीच्या अंगणात माणसं जमली. निरोपावरून आलेला धनगर आणि त्याची बायको अंगणाच्या दाराबाहेर उभी होती. मी घराणी, नमुने, शक्यता असलं काहीबाही बोलायला लागले, तशी आईनं मला गप्प केलं. “आवो, मेंढरांनी न्हाई आणली कीड. म्या आणली, जास्वंदीतनं.”

मावशीचे दीर चक्क हसले. “जाऊ द्या ताई. मुद्दाम का केलंय तुमी? बसा, च्या घ्या.”

आईला खुर्ची आली. एवढ्यावर निभावलं म्हणून मला इतकं हायसं वाटलं की मी कप उचललासुद्धा.

“आमी तर केलंच न्हवतं,” दाराबाहेरून धनगरीण म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “आमाला कुणी बस म्हनलं न्हाई.”

दीर खाली बघत म्हणाले, “बसवा की आता मेंढरं.”

“आता कुठं? पाऊस तोंडावर आलाय. म्हैनाभर आदी कळलं असतं तर बसवली असती.” ती नवऱ्याला घेऊन निघून गेली. आईनं चहाला हात लावला नाही.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली. मग पदरानं डोळे पुसत तिनं विचारलं, “तुला कदी कळलं गं ह्ये?”

“परवाच,” मी म्हणाले.

तिनं माझा हात हातात घेतला. “लगीच सांगितलंस, लई बरं केलंस.”