आईला घेऊन तेलावीत घर बघायला

लातूरला औसा रोडवरचा तो फ्लॅट मला मनापासून आवडला होता. पूर्वेला गॅलरी, इंटरनेटची लाइन आलेली, खाली किराणा. मालक स्वतः नळ सोडून पाण्याचा जोर दाखवत होते. मग म्हणाले, "मॅडम, पूर्ण नाव काय तुमचं?" मी आडनावासकट सांगितलं. त्यांनी नळ बंद केला. "तसं हाय की, मिसेसच्या भावानं बी हे घर मागून ठेवलंय. कळवतो." कळवलं काही नाही. जाहिरात मात्र पुढे महिनाभर दिसत होती. आम्ही बौद्ध. नांदेड आणि लातूर मिळून असं हातातून गेलेलं हे तिसरं घर.

माझं काम लॅपटॉपवरचं. एका परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते. वायफाय असलं की गाव कुठलंही चालतं. मग हेच गाव कशाला? जेवताना, बसमध्ये, मीटिंग चालू असताना मी नकाशे चाळायला लागले. शेवटी जॉर्जियावर येऊन थांबले. अमेरिकेतला नव्हे, काळ्या समुद्राकाठचा छोटा देश. तिथली दोन लहान गावं हेरली, सिघनाघी आणि तेलावी, आणि आईला फोन केला.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, लोह्यात एकटी राहते. तिला म्हटलं, "तुला गाव पसंत पडलं तर दोघी तिकडंच राहू."

"आधी बघू तर दे," ती म्हणाली, आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली.

नांदेडहून हैदराबाद रेल्वेनं, तिथून आखातात विमान बदलून त्बिलिसी. व्हिसा ऑनलाइन मिळाला, पण विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, विमा सगळं कागदावर मागितलं. फोनमध्ये दाखवलेलं चाललं नाही. तेव्हा प्रिंट काढून न्या. आणि राहण्याचे, कामाचे नियम बदलत असतात, निघण्याआधी ताजे तपासा.

त्बिलिसीहून सिघनाघी दोन तासांवर. बारा-पंधरा माणसांची व्हॅन भरली की सुटते, वेळापत्रकावर विसंबू नका. गाव डोंगराच्या माथ्यावर, लाल कौलांचं, खाली लांबवर द्राक्षांचे मळे. फोटोत दिसतं त्याहून सुंदर. पण रस्ते दगडी आणि उभ्या चढाचे. आई दर वीस पावलांवर गुडघ्यावर हात ठेवून थांबायची आणि म्हणायची, "माहूर बरं, तिथं निदान पायऱ्या तरी हायेत."

मी मात्र थांबायला तयार नव्हते. एका दिवसात चार घरं बघितली. एकात हीटर नाही, एकात टेबल ठेवायला जागा नाही, एक नुसतंच ओलसर. चौथं चांगलं होतं. मालकानं आम्हाला चहा दिला, मग पासपोर्ट मागितले. पासपोर्ट उघडून बघितला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सॉरी. इंडियन लोकांना देत नाही."

मी उठले.  बाहेर आल्यावर आई म्हणाली, "तिथं आडनाव बघत्यात, हितं पासपोर्ट." तिनं ते इतक्या शांतपणे म्हटलं की मला तिचाच राग आला. उरलेला उतार मी तिच्या पुढे दहा पावलं चालत उतरले. सिघनाघीत आणखी एका रात्रीसाठी घेतलेली चांगली खोली रद्द करून दुसऱ्या दिवशी उजाडताच तेलावीची गाडी धरली. आईला सकाळचा नाश्तासुद्धा करू दिला नाही.

तेलावी थोडं मोठं आणि बरंच सपाट. बाजार आहे, दवाखाना आहे, इंटरनेट उत्तम. समोर कॉकेशस पर्वताची बर्फाळ रांग. आम्ही उतरलो ते नानुली नावाच्या साठीच्या बाईंच्या घरी. खाली त्या, वर दोन खोल्या भाड्यानं. भाडं लातूरच्या फ्लॅटहून थोडं जास्त, पण त्यात वीज-पाणी आलं. जेवायला मातीच्या बोळक्यात घोटलेला राजमा आणि मक्याची जाडजूड भाकरी. आईनं त्यावर चटणी घेतली, नानुलींना दिली. त्या खोकल्या, पाणी प्यायल्या आणि पुन्हा मागून घेतली. त्यांची मुलगी इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. वरची एक खोली तिचीच.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये असताना आई "पाव घेऊन येते" म्हणून गेली. तास झाला, दीड तास झाला. कॅमेरा चालू, मी मान डोलावतेय आणि नजर खिडकीबाहेर. मीटिंग संपताच चपलेवरच पळाले. बेकरीत नव्हती. बेकरीवालीनं हातानं गावाबाहेरची वाट दाखवली.

आई एका मळ्यात होती. द्राक्षांची तोडणी चालली होती. पाच-सहा बायकांत आईही पदर खोचून घड कापत होती, शेजारी नानुली. मी जागच्या जागी उभी राहिले. आई लहानपणी आजीबरोबर दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायची. बांधावर वेगळं बसून भाकरी खायची. नोकरी लागली त्या दिवशी तिनं सांगून टाकलं होतं, आता दुसऱ्याच्या रानात पाऊल टाकणार नाही.

"आई, हे काय करतेस?"

"दिसना का? द्राक्षं तोडून राहिले."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच न्हाई. म्हनूनच तर." तिनं एक घड माझ्या हातात ठेवला. "आन् जेवायला एकाच चादरीवर बसवलं सगळ्यांनी."

संध्याकाळी नानुलींनी भाडेकरूंची वही काढली. त्या जॉर्जियनमध्ये फोनशी बोलल्या, फोन भाषांतर करून हिंदीत म्हणाला, "आपका उपनाम?"  मी आडनाव सांगितलं. त्यांनी गोल गोल अक्षरांत लिहिलं आणि वाचून दाखवलं. साफ चुकलं होतं. मी "चालेल" म्हणणार, तेवढ्यात आई पुढे सरकली आणि पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं एकेक अक्षर तोडून म्हणाली. नानुलींनी म्हटलं. आईनं मान हलवली, पुन्हा. तिसऱ्यांदा बरोबर आलं. "शाब्बास," आई म्हणाली.

वर आल्यावर मी विचारलं, "मग? ठरवू का?"

"तू ठरव. मी येनार न्हाई."

"आवडलं नाही?"

"लई आवडलं. पन लोह्यातलं घर मी माझ्या पगारातनं बांधलं. दारावर माझं नाव हाय, आडनावासकट. ते सोडून मी दुसऱ्याच्या खोलीत कामून राहू?" तिनं शालीची घडी घातली. "तू घर शोधून राहिलीस का पळून राहिलीस, मला कळंना. पळत असशील तरी जा. मी काय अडवनार न्हाई."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. तिला मी सोबतीला आणलं होतं, का बेत मोडायला एक कारण हाताशी असावं म्हणून, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

परत येऊन तीन आठवडे झाले. नांदेडच्या खोलीत बसून हे लिहितेय. तेलावीची खोली एका वर्षासाठी घ्यायची ठरवलीय. सिघनाघीचा तो माणूसही त्याच देशातला आहे, हे माहीत असूनही. तुम्ही जाणार असाल तर हे लक्षात ठेवून जा. जीव शांत झाला का विचाराल, तर नाही. नकाशे मी अजून उघडते.

काल तेलावीतून काम करायला कंपनीच्या परवानगीचा फॉर्म भरत होते. राहण्याच्या पत्त्यापुढे तेलावी लिहिलं. खाली 'कायमचा पत्ता' असा रकाना होता. इतकी वर्षं तिथं मी त्या त्या वेळचं भाड्याचं घर लिहीत आले. या वेळी आईला फोन केला. "आपल्या घराचा नंबर सांग गं." तिनं घर नंबर, गल्ली, पिनकोड सगळं सांगितलं, आणि मी लिहून घेतल्यावर म्हणाली, "आता वाचून दाखव."