धरणगावची हिरवीगार कपाशी

जळगाव स्टेशनाबाहेर आमच्यासाठी जीप आणि झेंडूचा हार तयार होता. हार विभागप्रमुख डॉक्टरसाहेबांच्या गळ्यात पडला. मातीचे नमुने घ्यायचं गिरमिट आणि पिशव्या माझ्या खांद्यावर. नव्वदच्या सुमाराची ही गोष्ट. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मी कनिष्ठ संशोधक होतो. धरणगावजवळच्या सेंद्रिय कपाशीच्या प्रयोगावर आम्हा दोघांच्या सहीचा अहवाल जायचा होता.

साहेब वाटभर मातीच्या जिवंतपणाबद्दल बोलले. जीपचा पडदा मात्र त्यांनी पाडून घेतला. माती उडत होती ना!

दुपारी वरण-बट्टी (कणकेचे उकडून तळलेले गोळे) आणि वांग्याचं भरीत होतं. भरितातली अख्खी मिरची मी दाण्यासारखी चावली आणि पुढची दहा मिनिटं संशोधनाला मुकलो.

शेत सुमनअक्कांचं. साठीच्या, विधवा, स्वतः शेत कसणाऱ्या. रस्त्यालगतचा एक एकर त्यांनी प्रयोगाला दिला होता. तिथे छातीएवढी कपाशी, गडद हिरवी. "बघा, शेणखताची किमया!" म्हणत साहेबांनी अक्कांना फोटोसाठी उभं केलं. मी पान उलटलं. खाली माव्याची कीड बुजबुजत होती, बोंडं मोजकीच. मी गिरमिट काढलं, तर साहेब म्हणाले, "माती कशाला? दिसतंय की."

साहेब चहाला वळल्यावर अक्कांनी मला बांधाशी गाठलं.

"भाऊ, ते बठ्ठं (सगळं) युरियानं हिरवं शे (आहे)."

"युरिया? इथे?"

"तुमनाच माणूस गोण्या लई उना (घेऊन आला). पाहुणा येतीन, हिरवं दिसाले पाहिजे, म्हने."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कोनी इचारं का माले?"

मग त्या मला विहिरीमागे घेऊन गेल्या. संस्थेच्या शिबिरात ऐकलेलं सगळं त्यांनी त्या तुकड्यात खरं मानून केलं होतं: शेणखत, निंबोळीचा अर्क, मधे चवळीच्या ओळी. झाडं जेमतेम मांडीएवढी, पण खालपासून शेंड्यापर्यंत बोंडं फुटलेली. आमचा प्रयोग झाला होता. फक्त तो करणाऱ्यांत आम्ही नव्हतो. मी दोन्हीकडची माती भरून घेतली. अक्का बोंडं मोजत होत्या, मी लिहीत होतो. इतकी लाज आणि इतका आनंद मला एकाच वेळी कधी झाला नव्हता.

परतीच्या गाडीत मी साहेबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "विहिरीमागचा तुकडा मंजूर आराखड्यात नाही. म्हणजे तो नाहीच."

पुण्यात मी सही केली नाही. दुसरी सही धरणगाव नकाशावरही न पाहिलेल्या सहकाऱ्याने आनंदाने केली. अहवाल रंगीत छापला गेला, आणि माझी बदली ग्रंथालयात झाली. तिथे असले रंगीत अहवाल कपाटभर निघाले. मी ते विषयवार लावत बसलो.

मातीच्या तपासणीचे आकडे मी अक्कांना कळवले. गावातल्या गुरुजींकडून लिहवून घेतलेलं त्यांचं पोस्टकार्ड आलं: "यंदा विहिरीमागची रीत साऱ्या शेतात करते. चार शेजारीही करतात. तुम्ही या. साहेब येणार असतील तर आधी कळवा, त्यांच्यापुरतं रस्त्याकडेला हिरवं करून ठेवू."